बालीहून आलेली सीता

भिंतीवर नुसता खिळा होता.

रामनवमीची सकाळ, साडेनऊ झालेले. मी नऊवारी नेसून, झांज पिशवीत घालून देवळात पाऊल टाकलं आणि पहिली नजर त्या भिंतीकडेच गेली. पाडव्यापासून रोज जायची. आज तिथं खिळा, आणि त्याच्याखाली चौकटीएवढा स्वच्छ चुना.

"बंडोपंत, चित्र कुठं गेलं?"

पेटीवाले बंडोपंत भाता हलवत सूर तपासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ऐकू आलं नसेल हे शक्यच नव्हतं. शेजारच्या आळीत कुणी बेसूर आरती म्हटली तर या माणसाला इकडे ठसका लागायचा.

"काळी चार ठेवू ना, बाई?"

"ठेवा. चित्र कुठं गेलं?"

"काळी चारच बरी. शेवटी पाळण्याला वर जायचंय तुम्हाला." मग भाता मिटून ते हळूच म्हणाले, "कोठीत आहे. गुळाच्या ढेपांमागे. भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मला काही विचारू नका, मी पेटीवाला माणूस."

चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. आज अठ्ठ्याहत्तर वय आहे माझं, गुडघे उभं राहू देत नाहीत, खुर्चीत बसून कीर्तन ऐकते. पण त्या दिवशी मी अडतीस वर्षांची होते आणि माझं पहिलं रामजन्माचं कीर्तन होतं. पहिलं म्हणजे काय, ते कीर्तनाच्या वेडानं झपाटलेल्यालाच कळेल. चौदा वर्षं मी एकादश्या केल्या, गोकुळअष्टम्या केल्या, कुणाच्या घरच्या पूजेला दहा माणसांपुढे उभी राहिले. रामजन्म मात्र बुवांचा. बरोबर बाराच्या ठोक्याला देव जन्माला घालायचा, तो बाईमाणसाच्या तोंडून कसा, असं आमच्या कृष्णाकाठच्या गावात सगळ्यांना वाटायचं. सगळ्यांना म्हणजे एक सोडून. उत्सव समितीत तेरा जण होते, आणि "यंदा सरस्वतीबाईच उभ्या राहतील" असं टेबलावर मूठ आपटून सांगणारे एकटे तात्या वैशंपायन होते.

आणि चित्र उतरवलं होतं तेही तात्यांनीच.

"बाई, तुम्ही आज दुसरं काही डोक्यात आणू नका," तात्या म्हणाले. कचेरीत जन्म गेलेला माणूस. सोवळं नेसले तरी खिशात पेन असल्यासारखे उभे राहायचे. "आख्यानाकडे लक्ष द्या. बाहेर ओसरीपर्यंत माणूस बसणार आहे."

"पण चित्र का उतरवलंत? मागून घेतलंत तुम्हीच. वेणूवन्सं बालीला जाऊन आल्यात, तिकडं रामायण नाचतात म्हणे, आपल्या देवळाला एक सीता द्या, असं तुम्हीच घरी येऊन म्हणालात. दोन कप चहा घेतलात."

"म्हटलं होतं ना. मला वाटलं, सीता म्हणजे सीतेसारखी असेल." त्यांनी आवाज खाली आणला. "ती सीता आहे का, बाई? खांदे उघडे. डोक्यावर पदर नाही. केस पिकलेले. आणि डोळे! समोरच्याला खाऊ की गिळू! बायका नावं ठेवतात. आठ दिवस वेणूला सांगतोय, दोन रेघा मार. डोक्यावर पदर दे तिच्या, आणि नजर खाली कर. कागदच तो. नाही म्हणाली."

"मला बोलल्या नाहीत त्या."

"तुमचं कीर्तन बिघडू नये म्हणून नसेल बोलली. पोरीला तेवढी समज आहे. बाकी हट्टी. शेवटी मीच श्रीपतीला सांगितलंय. पाट्या रंगवतो तो. दुपारी येईल, पदर चढवेल, संध्याकाळी चित्र परत भिंतीवर. देवळाला दिलेली वस्तू आहे, देवळाची झाली."

"अजून कुणी हात नाही ना लावला?"

"छे छे," तात्या म्हणाले आणि तोरण सरळ आहे का ते बघायला गेले. तोरण सरळच होतं.

वेणूवन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा झांजेचा आवाज माजघराबाहेर जाऊ नये असं आमच्या घरात होतं, वन्संनीच पहिल्यांदा ओटीवर सतरंजी टाकून म्हटलं होतं, "वहिनी, इथं बसून म्हणा. मला चित्र काढताना ऐकायचंय." त्यांना सहा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या समुद्रापलीकडे बालीला गेल्या. येताना इतरांनी साड्या आणल्या असत्या. यांनी कोळशाच्या कांडीनं काढलेलं एक चित्र आणलं.

ती नाचणारी बाई साठीच्या पुढची होती. गुडघ्यांत वाकलेली, छातीभोवती कापडाची पट्टी गच्च आवळलेली, दोन्ही हात बाजूंना, बोटं अशी मागं वळलेली की वाऱ्यानं हलतायत असं वाटावं. कानाजवळ चाफ्याचं एकच फूल. आणि ते डोळे. मान समोर, पण बुबुळं एकदम कोपऱ्यात गेलेली, जणू कडेला कुणी उभा आहे आणि ही त्याला एक पाऊल पुढं टाकू देणार नाही. वन्सं म्हणाल्या होत्या, अशोकवनात रावण येतो, त्या क्षणाचा नाच आहे हा. मी त्या चित्रापुढं उभी राहून आख्यान बसवलं. आख्यान रामजन्माचं, त्यात सीता येत नाही, तरी माझा आवाज त्या डोळ्यांतून आला होता, खोटं कशाला सांगू.

सकाळी निघताना वन्सं म्हणाल्या होत्या, "डोकं दुखतंय वहिनी, तुम्ही व्हा पुढं." आता कळलं, कुठलं डोकं आणि कुठलं दुखणं.

दहाच्या ठोक्याला मी उभी राहिले. वंदन झालं, नामघोष झाला, पूर्वरंगाचं पद घेतलं. देऊळ भरलं होतं, खांबांना टेकून माणसं, ओसरीवर माणसं, बायकांच्या बाजूला तर मुंगीला वाट नाही. सूर असा लागला होता की तबल्यावरचा रघुनाथ स्वतःशीच हसत होता. तोंडानं मी भक्ती म्हणजे काय ते सांगत होते, आणि डोळे खिळ्यावर जात होते. मध्येच बघते तर वन्सं आल्या होत्या. अगदी मागं, चपला असतात तिथं, भिंतीला टेकून.

पूर्वरंग संपला तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, पण नव्यांसाठी सांगते. पूर्वरंग झाला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. तोवर सगळे नामाचा गजर करतात. तो हार गळ्यात पडला की मग उत्तररंग, म्हणजे आख्यान सुरू. हार पडल्याशिवाय आख्यानाला तोंड फुटत नाही. मी बाई, म्हणून मला हार घालायला तात्यांच्या पत्नी कमलाकाकू पुढं आल्या. कमरेला कोठीच्या किल्ल्या, हाताला सुंठवड्याचा वास. मागं ताट घेऊन तात्या.

काकूंनी हार वर केला. मी दोन्ही हात जोडले आणि एक पाऊल मागं सरले.

काकूंना वाटलं, जागा करून देतेय. त्या एक पाऊल पुढं आल्या. मी आणखी एक मागं.

"अगं, खाली वाक ना सरू, पोचत नाही माझा हात," काकू हसून म्हणाल्या.

"काकू, हार नको."

"म्हणजे?"

"भिंतीवर सीता होती. ती होती तशी परत येऊ दे. मग हार घेते."

गजर पहिल्या ओळींतून तुटत तुटत मागं गेला आणि थांबला.

तात्या ताट घेऊन माझ्या कानाशी आले. "बाई, हे काय मांडलंय? सव्वाअकरा होतायत."

"मला दिसतंय घड्याळ."

"संध्याकाळी लावतो म्हटलं ना!"

"पदर चढवून लावणार. मला ती आहे तशी हवीय."

"मी तुमच्यासाठी बारा जणांशी भांडलो!" आता त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "त्याची ही परतफेड? रामजन्म अडवताय तुम्ही. राम अडवताय!"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते भांडले होते. पण मी देवाकडं पाहिलं आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"राम कोण अडवणार, तात्या? तो बाराला यायचा तेव्हा येईल, तुमच्या-माझ्यावाचून येईल. मी हार अडवलाय. रामाचं कीर्तन करायचं आणि रामाच्या सीतेला गुळाच्या ढेपांमागं कोंडायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. आज रावणाला काय तोंडानं बोल लावू मी?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. पुरुषांत कुजबुज झाली. एक जण ओरडला, "उतरवा बाईला खाली!" दुसरा म्हणाला, "तू ये वर मग, म्हण पाळणा!"

तात्यांनी ताट खाली ठेवलं आणि बंडोपंतांकडं वळले. "बंडोपंत, तुम्हाला आख्यान पाठ आहे. तीस वर्षं साथ केलीत. उठा. तुम्ही करा."

बंडोपंतांनी शांतपणे भाता मिटला, त्याची कडी लावली, पेटीवर रुमाल पसरला आणि मांडी घातली. "पेटी काळी चारला लावलीय तात्या. माझा गळा पांढरी एक. जमायचं नाही."

"सूर बदला की!"

"तेही जमायचं नाही. मी पेटीवाला माणूस."

लोक हसले. हसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ हसत नाहीये. अकरा एकवीस.

"तात्या," मागून आवाज आला. वेणूवन्सं. आमच्या वन्सं शाळेत मुलींपुढं बोलायच्या तेवढंच. चार माणसांत त्यांचं तोंड उघडत नसे. त्या चपलांच्या ढिगातून पुढं आल्या, बायकांतून वाट काढत. "वहिनींना बोलू नका. त्यांना कारण ठाऊकसुद्धा नाही. मी सांगते."

"सांग. सांगच. दोन रेघांनी काय बिघडत होतं तुझं?"

वन्सं बोलायला लागल्या तेव्हा माझ्याकडं बघत होत्या, तात्यांकडं नाही.

"चित्रातली ती बाई नाच शिकवायची. अंगणात. मुलीच्या पाठीशी उभी राहायची आणि तिची मनगटं धरून तिच्या अंगात नाच घालायची. मी रोज बसून तिचं चित्र काढायची. नाचताना त्यांच्या डोक्यावर फुलांचा मोठा मुकुट असतो. शिकवताना तिच्या डोक्यावर नव्हता. मला वाटलं, मुकुटाशिवाय शोभा नाही. मी खोलीवर जाऊन आठवणीनं काढला. छान काढला. दुसऱ्या दिवशी कौतुकानं दाखवायला गेले."

"मग?" हे काकूंनी विचारलं.

"तिनं कागद पालथा घातला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग दुभाष्या मुलीकरवी म्हणाली, मुकुट आमच्याकडे देव असतो. त्याला फुलं वाहतो, उदबत्ती ओवाळतो, तीर्थ शिंपडतो, तेव्हा कुठं डोक्यावर घेतो. तू ना त्याला विचारलंस, ना मला. माझ्या अंगावर जे नव्हतं ते कागदावर चढवलंस." वन्सं आता तात्यांकडं वळल्या. "तिथं अंगणातच त्यांचं देवघर असतं. त्याच्यापुढं मला उभं केलं तिनं. मी शब्द दिला, की तुझ्या अंगावर नव्हतं ते माझ्या हातून चढणार नाही, आणि होतं ते उतरणार नाही. मग पावाच्या तुकड्यानं, कोळशाची रेघ पुसतात तसा, मुकुट पुसला. जवळून पाहिलंत तर अजून पुसट दिसतो. देवाचा मुकुट मी पुसला, तात्या. तुमचा पदर कसा चढवू?"

तात्यांनी जुनंच काढलं. "तरी पण बायका म्हणतात..."

"बायका म्हणतात, बायका म्हणतात!" काकू एकदम फिरल्या, हातातला हार हलला. "आठ दिवस ऐकतेय घरी. कोण बाई म्हणाली, नाव घ्या! इथं सगळ्या बसल्यात. बोला गं, कोण म्हणालं?"

एक बाई हलली नाही. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "मी तर रोज तिला पाहून जाते बाई. माझ्या सासूपुढं असे डोळे केले असते तर आयुष्य वेगळं गेलं असतं."

हशा पिकला. त्या हशातच काकूंनी हार तात्यांच्या हातात कोंबला, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि कोठीकडं निघाल्या. तात्या मागून म्हणाले, "अगं, थांब. थांब जरा." त्या आवाजात राग नव्हता, घाबरं काहीतरी होतं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

काकू चित्र घेऊन आल्या. चौकट होती, काच नव्हती. त्यांनी ते माझ्याकडं वळवलं आणि स्वतः दुसरीकडं पाहिलं.

श्रीपती दुपारी येणार नव्हता. तो पहाटेच येऊन गेला होता.

पिकलेल्या केसांवरून पांढऱ्याशुभ्र रंगाचा पदर आला होता, दुकानाच्या पाटीवर काढतात तसा, कडेला वेलबुट्टी. खांद्यांवर पदर. चाफ्यावर पदर. आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या पापण्या, खाली झुकलेल्या. एका बाईचं नाक आणि हनुवटी तेवढी राहिली होती. वळलेली बोटं आता कुणाला तरी भीक मागतायत असं वाटत होतं.

"हातासरशी उरकून गेला तो," तात्या पुटपुटले. "मला वाटलं, एकदा बघितलंत की तुम्हालाही आवडेल."

मी वन्संकडं बघायचं धाडस केलं. मला वाटलं होतं, त्या कोसळतील. त्या चित्राजवळ गेल्या, बोटानं रंग वाळलाय का पाहिलं. वाळला होता. मग इकडं तिकडं पाहिलं आणि गाभाऱ्याच्या पायरीवरचं धुपाटणं जवळ ओढलं. निखारे वर लाल होते, कडेचे विझलेले. त्यांनी एक विझलेला कोळसा उचलला, पदराला पुसला, जमिनीवर घासून टोक केलं.

"किती वेळ आहे, वहिनी?"

"पंचवीस मिनिटं."

"मला दहा लागतील."

मी बंडोपंतांकडं पाहिलं. त्यांनी पेटीवरचा रुमाल काढला, कडी सोडली. रघुनाथानं ठेका धरला. आणि मी गजर सुरू केला, रामकृष्णहरीचा, साधा, सगळ्यांना येतो तो. देऊळच्या देऊळ म्हणायला लागलं. ओरडला होता तोही. असा गजर मी पुढच्या चाळीस वर्षांत ऐकला नाही. त्या आवाजाच्या मधोमध माझी नणंद जमिनीवर मांडी घालून, चित्र मांडीवर घेऊन, श्रीपतीच्या पापण्यांवर डोळे काढत होती. पांढऱ्यावर काळं. आधी एक रेघ, मग वर्तुळ, मग ते बुबुळ कोपऱ्यात सरकलं. एकदाही खोडलं नाही. बायका माना उंच करून बघत होत्या; एक डोळा उघडला तसा कुणीतरी हुंदका दिला, दुसरा उघडला आणि टाळ्यांचा ताल एकदम चढला.

पहिल्यापेक्षा ते डोळे मोठे होते. पहिल्या डोळ्यांसमोर रावण एकटा होता. यांच्यासमोर अख्खी समिती होती.

"आणि पदर?" तात्यांनी विचारलं. अगदी हळू विचारलं. "तो काढत नाहीस?"

"तो मी चढवलेला नाही." वन्सं कोळसा खाली ठेवेनात. चित्राच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं, शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं. मग चौकट उभी करून लोकांकडं वळवली.

'डोळे: वेणू परचुरे. पदर: उत्सव समिती.'

बंडोपंतांचा हात पेटीवर अडखळला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पेटीतून बेसूर निघाला.

काकूंनी चित्र खिळ्याला लावलं. मग तात्यांच्या हातातून हार काढून घेतला, आणि मी वाकले. अकरा चव्वेचाळीस. तासाभराचं आख्यान पंधरा मिनिटांत सांगायचं होतं. अयोध्या, यज्ञ, पायस, सगळं धावत सांगितलं, आणि बाराला ठोका पडला तेव्हा पाळण्याच्या पहिल्या ओळीवर माझा आवाज असा वर गेला की मलाच ओळखू आला नाही. गुलाल उडाला. सुंठवडा वाटला. तात्यांनी पाळण्याची दोरी ओढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशाचं होतं, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी रामजन्माला सांगलीहून बुवा आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला त्या देवळात रामजन्म पुन्हा मिळाला नाही, आणि मी मागायला गेले नाही. बाहेर खूप मिळाले, परमुलखातही. उत्सव उतरल्यावर समितीनं ठराव करून चित्र आमच्या घरी परत पाठवलं. बरोबर चिठ्ठी होती: खालची ओळ पुसून दिल्यास चित्र सन्मानाने स्वीकारण्यात येईल.

वन्संनी चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहिलं. मी ते स्वतः तात्यांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं, आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

त्यात एवढंच होतं: 'ओळीतलं काय खोटं आहे, ते कळवावं.'

उत्तर अजून आलेलं नाही.